वाचकांचे प्रश्न : काळी तार कुठे जाते ते आधी पाहा

तापमान, क्षारता, वजन, प्रवाह असे काहीही मोजणारे उपकरण संगणकाला जोडून नोंदी आपोआप घेण्याची सोय आता शाळेच्या प्रयोगशाळेलाही परवडते. त्यामुळे त्याविषयीची पत्रेही वाढली आहेत. या वेळी गोव्यातून आलेली पाच पत्रे एकत्र घेतली आहेत, कारण वरवर वेगळे दिसणारे त्यांतले बहुतेक प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात. उपकरणाची लाल तार कुठे जोडायची याचा विचार सगळेच करतात, पण काळी तार, म्हणजे ज्याला आपण ग्राउंड म्हणतो ती, संगणकातून पुढे कुठे जाते हे पाहायचे राहून जाते.

प्रश्न : आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयात बारावीच्या दोन विद्यार्थ्यांनी विजेच्या दिव्यातून वाहणारा प्रवाह संगणकावर आलेखाच्या रूपात दाखवण्याचा प्रकल्प केला. दिव्याच्या एका वायरीत १ ओहमचा रोध घालून त्याच्या दोन टोकांवरचे व्होल्टेज आर्डुइनो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला दिले होते आणि आर्डुइनो यूएसबीने प्रयोगशाळेतल्या संगणकाला जोडला होता. पहिल्या दिवशी सगळे व्यवस्थित चालले. दुसऱ्या दिवशी स्विच दाबताच मोठा आवाज झाला, एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडला, बोर्डावरचा तांब्याचा एक पट्टा जळून काळा झाला आणि संगणकाचे ते पोर्ट कायमचे गेले. मुलांनी जोडणीत काहीही बदलले नव्हते. मग एका रात्रीत काय बिघडले? पुढच्या वेळी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला तर चालेल का?
— भौतिकशास्त्राच्या शिक्षिका, डिचोली

उत्तर : कोणालाही इजा झाली नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : बॅटरीवरचा लॅपटॉप अजिबात चालणार नाही, आणि त्याचे कारण थोडे पुढे येईलच.

रात्रीत काहीच बिघडले नव्हते. पहिल्या दिवशीही ती जोडणी तितकीच धोकादायक होती, फक्त त्या दिवशी धोका दिसला नाही. टेबलावरच्या संगणकाची धातूची पेटी तीन पिनांच्या प्लगमधून इमारतीच्या अर्थिंगला जोडलेली असते आणि आतल्या सर्किटची शून्य व्होल्टची रेषा त्याच पेटीला जोडलेली असते. यूएसबी केबलमधली काळी तार ही तीच रेषा. म्हणजे आर्डुइनोवर जिथे जीएनडी असे लिहिले आहे ते टोक संगणकामार्गे थेट आपल्या शाळेच्या आवारातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोहोचलेले असते. विद्यार्थ्यांनी हे टोक रोधाच्या एका बाजूला, म्हणजेच विजेच्या दोन तारांपैकी एकीला जोडले. दिव्याची वायर दोन पिनांच्या प्लगची असणार, असा माझा तर्क आहे. असा प्लग कसाही खोचता येतो. पहिल्या दिवशी जीएनडी न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या तारेच्या, बाजूला आले. वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीला जोडलेलेच असते, त्यामुळे त्याच्या आणि अर्थिंगच्या मध्ये जेमतेम काही व्होल्टचा फरक राहतो आणि प्रयोग चालून जातो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी प्लग उलटा खोचला आणि फेज, म्हणजे जिवंत तार, थेट जीएनडीवर आली. २३० व्होल्टचा पुरवठा प्रत्येक आवर्तनात ३२५ व्होल्टच्या शिखरापर्यंत जातो, आणि तो सगळा बोर्डावरच्या केसासारख्या पट्ट्यातून, यूएसबीच्या काळ्या तारेतून जमिनीकडे धावला.

ही गोष्ट विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दाखवता येते. संगणक बंद करावा, त्याची पॉवर केबल भिंतीतल्या सॉकेटातून काढून प्लग हातात घ्यावा आणि बाकीच्या सगळ्या केबलीही काढाव्यात. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक प्रोब प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरा यूएसबी पोर्टाच्या धातूच्या कडेला लावावा. बीप ऐकू येतो. ज्या मुलाने हा बीप एकदा स्वतःच्या हाताने ऐकला आहे, त्याला काळ्या तारेचे महत्त्व पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

आता बॅटरीवरच्या लॅपटॉपविषयी. चार्जर काढला की जमिनीकडे जाणारी वाट तुटते, म्हणून आवाज होत नाही, एमसीबी पडत नाही आणि प्रयोग सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात फेज जीएनडीवर आली, तर लॅपटॉपचा यूएसबीचा धातूचा भाग, हेडफोनचे छिद्र, कधी कधी संपूर्ण धातूचे झाकण २३० व्होल्टवर उभे राहते. फरशीवर उभ्या असलेल्या मुलाचा हात तिथे लागला, तर तुटलेली ती वाट त्याच्या शरीरातून पूर्ण होते. हा सल्ला इंटरनेटवर अनेक ठिकाणी वाचायला मिळतो, आणि प्रत्येक वेळी मला त्याची भीती वाटते. संगणक जळणे परवडले.

प्रवाहच मोजायचा असेल तर विजेच्या तारेला स्पर्श न करणारी वस्तू वापरावी. तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा करंट ट्रान्सफॉर्मर मिळतो. ज्याच्या आत रोध बसवलेला आहे आणि जो, उदाहरणार्थ, ३० अँपिअरला १ व्होल्ट देतो, असा घ्यावा. दिव्याचा प्रवाह त्यासाठी फारच कमी असल्याने ती तार चिमट्यातून दहा वेढे देऊन न्यावी, म्हणजे वाचन दहापट मिळते. हे वेढे शिक्षकांनी पुरवठा पूर्ण बंद असताना घालावेत आणि अखंड आवरण असलेलीच वायर घ्यावी. चिमट्यातून येणारा संकेत शून्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे जातो आणि आर्डुइनोला उणे व्होल्टेज सोसत नाही, म्हणून दोन समान रोधांनी २.५ व्होल्टचा आधार तयार करून त्यावर हा संकेत बसवावा लागतो. व्होल्टेज दाखवायचे असेल तर पुरवठ्यातून थेट न घेता ६ व्होल्टच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे दुय्यम टोक वापरावे. त्याचे शिखरही ५ व्होल्टच्या पुढे जाते, त्यामुळे रोधांनी ते विभागूनच बोर्डाला द्यावे. प्रयोगशाळेत असलेला डिमरस्टॅट या कामाला चालत नाही. तो व्होल्टेज कमी करतो, पण त्याच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या बाजूंचे वेढे एकच असल्यामुळे पुरवठ्यापासून वेगळे काही करत नाही. काट्यावर ६ व्होल्ट दिसत असताना दोन्ही तारा फेजच्या पातळीवर असू शकतात.

अर्थिंगविषयीही लिहायला हवे, कारण वरचे सगळे त्याच्या भरवशावर आहे. डिचोलीसारख्या चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा चांगलाच येणार. परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने मे महिन्यात मोजून घ्यावा, खड्ड्यात पाणी घालण्याची सवय ठेवावी, आणि प्रयोगशाळेच्या बोर्डावर एमसीबीसोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. एमसीबी तारा वाचवण्यासाठी असतो. माणूस वाचवण्याचे काम आरसीसीबीचे आहे.

प्रश्न : लॅपटॉप चार्जरवर असताना त्याच्या कडेला हात लागला की मुंग्या आल्यासारखे वाटते. त्याच वेळी थर्मोकपलचे (दोन धातूंच्या तारांच्या सांध्याने तापमान मोजणाऱ्या प्रोबचे) वाचन दोन-तीन अंशांनी नाचते. चार्जर काढला की दोन्ही थांबते. लॅपटॉप सदोष आहे का?
— रसायनशास्त्राचा विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : बहुधा नाही. आपला चार्जर दोन पिनांचा असावा. विद्युत गोंगाट कमी करण्यासाठी अशा चार्जरच्या आत पुरवठा आणि बाहेरची बाजू यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर असतो आणि त्यातून अगदी थोडा प्रवाह झिरपतो. लॅपटॉपची पेटी जमिनीला कुठेच जोडलेली नसल्याने ती पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजच्या आसपास तरंगत राहते. प्रवाह एका मिलिअँपिअरच्या अंशाएवढाच असल्यामुळे चांगल्या चार्जरच्या बाबतीत त्यात धोका नसतो. स्वस्त, बिननावाचा चार्जर असेल तर मात्र तो आजच बदलावा, कारण त्यातल्या कपॅसिटरवर विसंबता येत नाही.

माणसाला किरकोळ वाटणारा हा प्रवाह थर्मोकपलला मात्र मोठा असतो. के प्रकारचा थर्मोकपल एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. दोन-तीन अंशांचे नाचणे म्हणजे शंभराच्या आसपास मायक्रोव्होल्ट, व्होल्टचा दहा हजारावा भाग. तीन पिनांचा चार्जर वापरावा आणि त्याची जाड पिन खरोखर अर्थिंगपर्यंत पोहोचते याची खात्री करावी. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये कोंबला तर सारे मुसळ केरात. त्यानंतरही थोडी थरथर उरली, तर प्रत्येक वाचन १०० मिलिसेकंदांच्या सरासरीने घ्यावे. आपल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्याचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, त्यामुळे १०० मिलिसेकंदांत नेमकी पाच आवर्तने बसतात आणि वर-खाली होणारा गोंगाट सरासरीत संपून जातो. सेकंदाला बरोबर दहा सुटी वाचने घेऊन उलट फसगत होते. प्रत्येक वाचन आवर्तनाच्या त्याच जागी पडते आणि चूक स्थिर, खरी दिसू लागते.

जोडणीचा क्रमही पाळावा. लॅपटॉप तरंगत असताना संकेताची तार आधी टेकली, तर पहिला ठोसा उपकरणाच्या नाजूक इनपुटला बसतो. आपल्याकडच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब असते ती याचसाठी, की ती आधी टेकावी आणि शेवटी सुटावी. नेहमीच्या चपट्या यूएसबी प्लगमध्ये भिंगातून पाहा. कडेच्या दोन पट्ट्या, म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंड, मधल्या दोन पट्ट्यांपेक्षा पुढे आलेल्या दिसतील. आपण सुट्या तारा हाताने जोडतो तेव्हा हा क्रम आपल्यालाच सांभाळावा लागतो : काळी तार आधी जोडावी आणि काढताना सर्वांत शेवटी काढावी.

प्रश्न : मी खाजन (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या) शेतीतल्या पाण्याच्या क्षारतेवर काम करते. मानशीजवळून (बांधातल्या पाण्याच्या दरवाजाजवळून) आणलेल्या पाण्याच्या नमुन्यात पीएच प्रोब एकटा ठेवला की ७.८ दाखवतो. त्याच बादलीत क्षारतेसाठी कंडक्टिव्हिटी प्रोब घातला की पीएच ६.९ वर येतो. दोन्ही एकाच संगणकाला जोडलेले आहेत. बफरमध्ये, म्हणजे ठाऊक मूल्याच्या तपासणीच्या द्रावणात, दोन्ही बरोबर दाखवतात. कोणते वाचन खरे मानावे? शिवाय मानशीवर ठेवलेल्या लॉगरच्या (आपोआप नोंदी साठवणाऱ्या उपकरणाच्या) कनेक्टरवर हिरवट थर येतो, तो कसा काढावा?
— संशोधक विद्यार्थिनी, ताळगाव

उत्तर : आपण दोन वाचनांतला फरक लक्षात घेऊन थांबलात, ही फार मोलाची गोष्ट केलीत. ६.९ हा आकडा तसाच प्रबंधात गेला असता तर त्या शेताच्या मातीविषयी भलताच निष्कर्ष निघाला असता.

खरे वाचन ७.८ चे. पीएचच्या काचेच्या इलेक्ट्रोडचा अंतर्गत रोध शेकडो मेगओहमपर्यंत असू शकतो आणि २५ अंश सेल्सिअसला पीएचच्या एका एककाला तो सुमारे ५९ मिलिव्होल्ट देतो. कंडक्टिव्हिटी प्रोब मात्र पाण्यातून मुद्दाम प्रवाह सोडूनच मोजतो. दोन्ही सर्किटांची काळी तार संगणकात एकत्र आली आणि दोन्ही प्रोब एकाच खारट पाण्यात उभे राहिले, की त्या प्रवाहाला पाण्यातून पीएचच्या संदर्भ इलेक्ट्रोडकडे परतायला दुसरी वाट मिळते. त्या वाटेवर जेमतेम ५३ मिलिव्होल्ट उभे राहिले तरी आपल्याला दिसलेला ०.९ चा फरक पडतो. बफरमध्ये चूक दिसली नाही, कारण तिथे आपण दोन्ही प्रोब वेगवेगळ्या चंचुपात्रांत ठेवले असणार. खात्री करायची असेल तर सगळे चालू ठेवून कंडक्टिव्हिटी प्रोब फक्त पाण्याबाहेर उचलावा. पीएच काही क्षणांत मूळ जागी परतला तर निदान पक्के.

उपाय असा, की निदान एका प्रोबचे सर्किट आयसोलेटरमधून संगणकाला जोडावे. आयसोलेटरमध्ये माहिती प्रकाशाच्या किंवा चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने पलीकडे जाते आणि तांब्याची तार मध्ये तुटलेली असते. दोन्ही प्रोब वेगळ्या यूएसबी केबलींवर असतील तर एका केबलीत यूएसबी आयसोलेटर घालून भागेल. बाजारात मिळणारे बरेच साधे आयसोलेटर सेकंदाला १२ मेगाबिटपर्यंतच चालतात, पण पीएचसारख्या संथ मापनाला तेवढा वेग पुष्कळ होतो. दोन्ही प्रोब एकाच बोर्डावर असतील तर आयसोलेटर प्रोब आणि बोर्ड यांच्यामध्येच हवा, संगणकाच्या बाजूला घालून उपयोग नाही. आयसोलेटर येईपर्यंत एक प्रोब पूर्ण बंद करून दुसऱ्याचे वाचन घ्यावे.

हिरवट थर हा मीठ आणि ओल यांनी तांब्याला लागलेला गंज आहे. लॉगर मानशीवरच उघडून संगणकाला जोडण्याचा मोह टाळावा. बंद अवस्थेतच तो गोड्या पाण्याने धुवावा, पुसावा, खोलीत आणून पूर्ण कोरडा होऊ द्यावा आणि मगच झाकण उघडावे. कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करावा. झाकणाच्या रबरी कड्यावर वाळूचा एक कणही राहू देऊ नये आणि त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा. हिरवा थर पिनेच्या आतपर्यंत गेला असेल तर कनेक्टर बदलावा. खरवडून काम भागवले तर पुढच्या भरतीच्या नोंदी हमखास जातील.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेतला इलेक्ट्रॉनिक तराजू नऊ पिनांच्या सिरियल केबलने शेजारच्या इमारतीतल्या संगणकाला जोडायचा आहे. अंतर साधारण ४० मीटर आहे. मुलांच्या प्रकल्पातला छोटा यूएसबी-सिरियल बोर्ड वापरून पाहिला तेव्हा नुसती विचित्र अक्षरे आली आणि नंतर तो बोर्ड बंदच पडला.
— प्रयोगशाळा तंत्रज्ञ, फोंडा

उत्तर : तो बोर्ड ३.३ किंवा ५ व्होल्टच्या संकेतांसाठी होता. तराजूचा नऊ पिनांचा सिरियल, म्हणजे आरएस-२३२, पोर्ट उणे आणि अधिक अशा दोन्ही बाजूंना १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो आणि त्याचे एक आणि शून्य यांचे संकेतही उलटे असतात. विचित्र अक्षरे आली ती त्यामुळे, आणि बोर्ड गेला तोही त्यामुळे. नऊ पिनांचा कनेक्टर असलेला, आरएस-२३२ असे स्पष्ट लिहिलेला कन्व्हर्टर घ्यावा. त्यानंतरही अक्षरे विचित्र आली तर तराजूच्या पुस्तिकेतला वेग, डेटा बिट आणि पॅरिटी तंतोतंत जुळवावी.

दोन इमारतींमधून ही केबल मात्र नेऊ नये. आरएस-२३२ साठी १५ मीटर हे रूढ अंतर आहे, पण माझा आक्षेप अंतरापेक्षा अर्थिंगवर आहे. दोन इमारतींची अर्थिंगे वेगळी असतात आणि त्यांच्यातला फरक केबलमधल्या ग्राउंडच्या तारेवर येऊन बसतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका संस्थेत मी स्वतः अशीच केबल दोन्ही उपकरणे चालू असताना खोचली होती. ठिणगी दिसली, तराजूचा पोर्ट गेला, आणि तो दुरुस्त होईपर्यंत विद्यार्थ्यांनी दोन महिने वजने हाताने लिहिली. त्या दोन महिन्यांची खंत मला अजून आहे.

तराजूशेजारी एक साधा संगणक किंवा सिरियल-इथरनेट कन्व्हर्टर ठेवून पुढचे अंतर नेटवर्कने न्यावे. इथरनेटच्या पोर्टामागे लहान ट्रान्सफॉर्मर असतो आणि मानकाप्रमाणे तो १५०० व्होल्टचे विलगीकरण सोसतो. केबल मात्र धातूचे आवरण नसलेली घ्यावी, नाहीतर त्या आवरणातूनच दोन अर्थिंगे पुन्हा जोडली जातील. केबल उघड्यावरून जाणार असेल तर फायबर किंवा वाय-फाय घ्यावे. खर्च थोडा वाढेल, पण पावसाळ्यातल्या विजेची काळजी मिटेल.

प्रश्न : शाळेच्या गच्चीवर विद्यार्थ्यांनी पर्जन्यमापक आणि तापमापक बसवला असून त्याची केबल खाली विज्ञान खोलीतल्या संगणकापर्यंत आणली आहे. तो संगणक विंडोज एक्सपीवर चालतो आणि सतत चालू ठेवतो. वीज गेली की नोंदी तुटतात. आणखी काय काळजी घ्यावी?
— मुख्याध्यापक, वाळपई

उत्तर : गच्चीवरून खाली येणारी तांब्याची केबल पहिल्यांदा काढावी. मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसात आपल्या सत्तरी तालुक्यात विजा कशा कडाडतात हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. जवळपास कुठेही वीज पडली तरी अशा लांब तारेत उसळणारे व्होल्टेज संगणकापर्यंत पोहोचू शकते, आणि त्या वेळी कीबोर्डवर कोणाचे तरी हात असू शकतात. सर्ज अरेस्टर (व्होल्टेजची उसळी जमिनीकडे वळवणारे उपकरण) लावला तरी थेट पडणाऱ्या विजेपुढे त्याचा इलाज चालत नाही.

विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये सुरक्षा सुधारणा देणे थांबवले. तो संगणक एखाद्या जुन्या उपकरणासाठी आवश्यक असेल तर जरूर ठेवा, पण त्याचे इंटरनेट काढा, त्याच्या डिस्कची एक पूर्ण प्रत करून कपाटात ठेवा आणि नोंदी नेण्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह राखून ठेवा. पर्जन्यमापकासाठी मात्र हा संगणक लागतच नाही.

गच्चीवरच बॅटरीवर चालणारा आणि स्वतःची मेमरी असलेला लॉगर बसवावा. दर दहा मिनिटांनी एक या हिशेबाने दिवसाला १४४ नोंदी होतात, आणि जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांच्या मिळून १७,५६८. एका नोंदीला ३२ बाइट धरले तरी सगळा पावसाळा साडेपाच लाख बाइटांच्या आसपास बसतो. बाजारातले लहानात लहान मेमरी कार्डही त्याने भरणार नाही. विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा, आकाश मोकळे असताना, कार्ड काढून खाली आणावे, नोंदींची प्रत करावी आणि लॉगरचे घड्याळ बरोबर वेळ दाखवते आहे का हे पाहूनच कार्ड परत बसवावे.